पुस्तकातले बाबा

कोथरूडच्या आमच्या वाचनकट्ट्यावर त्या रविवारी एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. त्यात एक गोरा वकील गावाचा रोष पत्करून एका निरपराध काळ्या माणसाचा खटला लढवतो, पण त्याला शिक्षा होतेच. कट्ट्याची रीत अशी, की शेवटी प्रत्येकाने पुस्तकात आपलं माणूस कोण भेटलं ते सांगायचं. सगळ्यांना वकीलच भेटला होता.

"आमचे बाबा अगदी असेच," वल्लरी म्हणाली. कट्ट्यातल्या ज्येष्ठ श्यामसुंदरकाकांनी चष्मा पुसला.

यवतमाळहून खराडीत नोकरीला आलेली रुपाली कट्ट्यावर नवीन होती. तिचा नंबर आला.

"माझेही बाबा आहेत यात."

"अरे वा, ते पण वकील?" काकांनी विचारलं.

"नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातले."

वल्लरीने विचारलं, "मग सुटले का?"

"पुस्तकात झालं तसंच झालं. वकील चांगला होता." रुपालीने पुस्तक पुढे सरकवलं. "यातल्या आरोपीलाही मुलं होती ना? नावं काय त्यांची?"

वकिलाच्या मुलांची नावं आम्हा सगळ्यांना पाठ होती. आम्ही पानं चाळायला लागलो. चहा आला, तरी कोणी मान वर केली नाही.