तपासणीची काच

"हे मशीन मुद्दाम छळतंय मला," संगणकवाली पुटपुटली. "काच तीच, आणि उत्तर रोज वेगळं!"

तपासणीसाठी पेशींच्या काचा रंगवणाऱ्या ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रोज सकाळी मशीनची नजर तपासायला एकच काच द्यायची, असा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. मशीन त्यातल्या पेशी ओळखायचं: निरोगी हिरव्या, कर्करोगाच्या लाल. या महिन्याची काच ताईंनीच निवडली होती. रंग सुरेख बसलेली, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या गाठीच्या तुकड्याची.

सोमवारी पडदा लालभडक होता. मंगळवारी कडेने हिरवं उगवलं. शुक्रवारी लाल जेमतेम मूठभर उरलं.

"मशीनच चुकलं असेल शिकताना," ताई म्हणाल्या. बहिणीचे उपचार नुकतेच सुरू झाले होते आणि आशा धरायचीच त्यांना धास्ती वाटत होती.

शेवटी डॉक्टरांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. चांगली बातमीसुद्धा कपाळाला आठ्या घालून सांगणारा माणूस तो.

"अहो, मेलेला तुकडा आहे, काचेत कायमचा बंद. यात काय बदलणार?" म्हणत ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"मशीनच चुकलंय ना, डॉक्टर?" ताईंनी विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"ही कडेची पेशी... आत्ता तर..." ते थांबले. संगणकवालीने ताईंचा हात घट्ट धरला.

"ताई," डोळा न हलवता डॉक्टर हळूच म्हणाले, "ती बरी होतेय."