बोगद्याच्या अलीकडे

"हसा की जरा!" मोबाइल डोळ्यांसमोर धरून नवरा उलटा उलटा चालत होता. मागून येणाऱ्या एका जोडप्याला त्याचा धक्का लागला. त्याने त्यांची माफी मागितली आणि मोबाइल पुन्हा वर धरला.

बायको हसली नाही. तिचे दोन्ही हात सासूबाईंच्या व्हीलचेअरवर होते आणि व्हीलचेअरची पुढची चाकं वाटेवरच्या खडीत रुतून बसली होती.

"फोटो राहू दे. आधी हात लाव इकडे."

"एकच मिनिट गं. मागचं ते जांभळं झाड येऊ दे."

सगळीच झाडं जांभळी होती. नाहीतर गुलाबी. हिवाळा आला की वनस्पती उद्यानवाले अंधार पडल्यावर ही दिव्यांची वाट उघडायचे. बुंध्यांना वायरी गुंडाळलेल्या, फांद्यांत स्पीकर टांगलेले, आणि त्यातून वाजणारी तीच ती धून. झाडांच्या नावांच्या पाट्या तेवढ्या अंधारात.

"झोपू द्या की बिचाऱ्यांना," कानटोपीतून सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर उभीच असतात."

सुनेने दात ओठ खाऊन एक हिसका दिला. चाकं सुटली. तळ्याच्या कठड्यापाशी तिने व्हीलचेअर उभी केली, ब्रेक लावला, सासूबाईंच्या पायांवरचं ब्लँकेट सारखं केलं आणि नवऱ्याच्या जॅकेटची बाही धरून त्याला चार पावलं बाजूला नेलं.

"सांगितलंस?"

"कधी सांगणार? आत्ता तर आलो."

"गाडी लावताना सांगतो म्हणालास. मग तळ्यापाशी म्हणालास. हे काय आहे? तळंच ना?"

"अगं, किती खूश आहे ती. बघ तरी. आणि आत्ता सांगू, की आम्ही वेगळे होतोय म्हणून?"

"मागच्या रविवारी गुडघे दुखत होते म्हणून सांगितलं नाहीस. आज खूश आहेत म्हणून सांगत नाहीस. यातलं मधलं काही झालं, की मला कळव." तिचा आवाज चढला, तिने तो दाबला. "एक तारखेला माझं सामान हलतंय. टेम्पो दारात आल्यावर सांगणार आहेस का?"

"सांगतो म्हटलं ना. तो पुढचा बोगदा झाला, की लगेच." त्याने इकडे तिकडे पाहिलं. "कॉफी आणू? आणतोच. गारठलोय सगळे."

आणि तो गेला. जवळजवळ पळतच.

ती परत आली तेव्हा व्हीलचेअरपाशी उद्यानाचा माणूस उभा होता. वाट तिथे फुटत होती. उजवीकडे दिव्यांचा बोगदा, डावीकडे बाहेर जायचा रस्ता.

"खुर्ची जाईल बोगद्यातून," तो म्हणाला. "पण आत वळवता येत नाही हं. शिरलात की पार जावं लागेल. ठरवा तुम्ही."

"बघतो," ती म्हणाली. तो पुढच्या लोकांकडे गेला.

"कुठे गेला हा?" सासूबाईंनी विचारलं.

"कॉफी आणायला."

"म्हणजे तू त्याला काहीतरी बोल म्हणालीस."

सुनेने व्हीलचेअरचा ब्रेक लागलाय का ते पुन्हा पाहिलं.

"लहानपणी नापास झाला, की सगळ्यांसाठी पाणी आणायला उठायचा. मी न विचारताच. तांब्या दिसला, की मी ओळखायचे." सासूबाई तळ्याकडेच बघत होत्या. "माझे गुडघे गेलेत, कान नाही गेले. वेगळे होताय ना?"

गेले कित्येक दिवस तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, नवऱ्याने आयत्या वेळी कच खाल्ली तर असावीत म्हणून. त्यातलं एकही आलं नाही.

"हो," ती म्हणाली.

आणि तिला नवऱ्याचा संताप आला. गळक्या नळापासून त्याच्या आईच्या डोळ्यांतल्या औषधापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडत आलं होतं. आज हेही पडलं.

पाण्यावरचे दिवे निळ्याचे पिवळे झाले. ती वाट बघत राहिली. आता सासूबाई रडतील. नाहीतर म्हणतील, जरा सांभाळून घे. नाहीतर, लोक काय म्हणतील. प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर होतं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "आणि मग मी कोणाकडे?"

कपाटं कोणाची, गाडी कोणाची, मिक्सर कोणाचा, सगळं बोलून झालं होतं. मिक्सरवरून तर भांडणही झालं होतं. हा प्रश्न दोघांपैकी कोणीच काढला नव्हता.

"तुमचा मुलगा आहे, आई."

"मुलगा आहेच. तो कुठे जातोय? मी काय विचारलं?"

सुनेने वाकून ब्लँकेट खोचलं. ते खोचलेलंच होतं.

"काय मग?" पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये तीन कप सांभाळत नवरा आला. धापा टाकत होता, हसत होता. बोगद्याच्या बाणाकडे त्याने हनुवटीने खूण केली. "काय ठरलं तुमचं?"

"ठरतंय," सासूबाई म्हणाल्या. "तू आधी ट्रे नीट धर. सांडतोयस."

सुनेने एक कप उचलून त्यांच्या हातांत दिला. कप डुगडुगायला लागला. तिने त्यांच्या बोटांवरून आपली बोटं घट्ट धरली.

"गरम आहे. सावकाश."

सासूबाईंनी एक घोट घेतला. मग दुसरा. तिने हात काढला नाही.