तळ्यातलं जस्त

तिसऱ्यांदा मोजलं तरी अंटार्क्टिकातल्या त्या तळ्याच्या पाण्यात जस्त जवळजवळ नव्हतंच. वीस वर्षांपूर्वी सरांना तिथेच भरपूर सापडलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं, आमची प्रयोगशाळा उभी राहिली. मग माझंच काय चुकलं? बाहेरचा कणही पाण्यात मिसळू नये म्हणून बाटल्या आठवडाभर आम्लात ठेवल्या होत्या, हातमोजेसुद्धा दोन-दोन घातले होते.

“ऋजुता, उद्यापासून मी रिटायर्ड,” सर म्हणाले. भिंतीवरचा फोटो काढून त्यांनी माझ्या हातात दिला. “हा तुझ्याकडे असू दे.”

त्याच तळ्याकाठी वाकून उघड्या हातांनी बाटली भरणारे सर. उन्हासाठी नाकागालांवर थापलेलं पांढरं मलम, जस्ताचं. बोटांवरही तेच.

थँक्यू म्हणावं की ती बोटं दाखवावीत, कळेना.

“काय बघतेस?”

“किती तरुण होतात, सर,” मी म्हणाले.