खात्रीचं उत्तर

“आता चार पर्याय देते, नीट ऐका,” सूत्रसंचालिका म्हणाली. वाचनालयाच्या प्रश्नमंजुषेतला हा निर्णायक प्रश्न होता.

प्रभुण्यांनी डावा हात टेबलाखाली नेला. शेजारच्या संघाला कुजबूज ऐकू जाते, म्हणून त्यांच्या बायकोनं, शैलानं, ही युक्ती काढली होती. पर्याय वाचले जात असताना खात्रीचं उत्तर आलं, की ती त्यांचं मनगट दाबायची. शैला पौषात गेली. यंदा तिच्या खुर्चीवर मुलगी बसली होती आणि आईची युक्ती कोणी न सांगताच तिला साधली होती. संध्याकाळभर मनगटावर हलकेच दाब येत होता आणि उत्तरं धडाधड बरोबर निघत होती. पोरगी अगदी आईवर गेलीय, असं मनात येऊन प्रभुण्यांना सारखं भरून येत होतं.

“मरताना माणसाची कोणती संवेदना सर्वांत शेवटी जाते, असं मानतात? दृष्टी, गंध, श्रवण, की स्पर्श?”

श्रवण. हे त्यांना पाठ होतं. पण शेवटच्या शब्दाला मनगट असं काही आवळलं गेलं, की ते बोलून बसले, “स्पर्श!”

“चुकलं! श्रवण.” करंडक शेजारच्या संघाकडे गेला.

“काय हो बाबा, सोप्पं होतं की!” जिंकलेल्यांसाठी टाळ्या वाजवत मुलगी म्हणाली. “आणि मघापासून हात खाली घालून काय बसलाय? वाजवा टाळ्या.”

प्रभुण्यांनी तिच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग आपला हात ओढून पाहिला.

सुटेना.