दुप्पट जवळ

"तुमच्या लेन्सला बसतो का, ते आधी विचारून घ्या," असं काकू दुकानातच म्हणाल्या होत्या. "लांबचं दुप्पट जवळ दिसतं, यात विचारायचं काय?" म्हणत काकांनी टेलिकन्व्हर्टर घेऊन टाकला.

ओढ्यापलीकडे अस्वल दिसलं तेव्हा काका ट्रायपॉड उभा करत होते, म्हणून कॅमेरा, कन्व्हर्टर आणि लेन्स जोडायचं काम काकूंकडे आलं. मग काकांनी कॅमेऱ्याला डोळा लावला तो काढलाच नाही.

"अगं, नाकपुड्या दिसतायत! पैसे वसूल!"

"अहो..." काकूंनी काकांची बाही ओढली.

"शूऽऽ! म्हणे विचारून घ्या! आता तर दातसुद्धा मोजता येतील."

"अहो, गाडीत चला ना. पाया पडते."

"थांब गं! काय जबरदस्त वस्तू आहे, वाससुद्धा येतोय!" काका लेन्सची रिंग फिरवत राहिले. "हात्तिच्या, आता फोकसच होईना. कन्व्हर्टर नीट लावलास ना?"

काकूंनी मूठ उघडली.



"तो बसलाच नाही हो. हा काय, माझ्या हातात आहे."