खोडावरचा घाव

"मावशी, फोन म्हणतो, हे खांब आहेत." झाडं मोजायला आलेली पोरगी बोडक्या ऐनाच्या झाडांपुढे दमून उभी होती. "जागा उजाड लिहिली, की वनखातं कुंपण घालून नवी लागवड करणार."

"अगं, फांद्या राबाला तोडल्यात. त्या भाजून राखेत भाताची रोपं टाकतो. दरवर्षी फुटतात झाडं." भिमाबाई हे तिसऱ्यांदा सांगत होती. "कुंपण घातलं तर भात कुठनं पिकवू?"

"मला कळतंय. पण सालीखालची ओल फोटोत दिसली, तरच 'जिवंत' लिहिता येतं. प्रत्येक झाडाची."

साठ झाडं होती. खोडाला भिमाबाईनं आजवर कोयता लावला नव्हता.

"सोस रे बाबा," प्रत्येकाला म्हणत ती साल उडवत गेली. चाळिसाव्यानंतर शब्द संपले. नुसता हात फिरवायची, आणि घाव घालायची.