तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ

चर्चमध्ये सहा वर्षं गाऊन नाताळची सगळी गाणी मला तोंडपाठ! यंदा सोळावं लागलं आणि रविवारी दुपारी, नाताळची गाणी रंगतात त्या गावच्या पबमध्ये, म्हाताऱ्या गाणाऱ्यांच्या बाकावर जागा मिळाली. "आली बघा चर्चची मैना! सरका रे," ऑब्री आजोबा ओरडले. मी तर हवेतच!

मग गावाचं लाडकं गाणं सुरू झालं. ते पबमध्ये वर्षातून एकदाच म्हणतात. दोन कडव्यांनी छप्पर हादरलं आणि तिसऱ्याच्या तोंडाशी सगळे एकदम गप्प. विसरले की काय! मी छाती भरून ती ओळ एकटीने उचलली. पुढे बाकीचे आले, पण दबकत.

गाणं संपल्यावर ऑब्री आजोबा हळूच म्हणाले, "पोरी, ती ओळ हॅरल्डची. तो गेल्यापासून आम्ही ती मोकळी सोडतो."

समोरच हॅरल्डची बायको, नव्वदीच्या विनी आजी बसल्या होत्या. मी रडकुंडीला येऊन माफी मागितली.

"अगं, गोड गायलीस," माझा हात थोपटत त्या म्हणाल्या. "फक्त तेवढ्या वेळात मला तो ऐकू यायचा. आता पुढच्या वर्षी."